माथा ते पायथा

मे महिन्यात आंबील ओढा वाहतो, ही त्याच्या दुखण्याची खूण आहे.

पुण्याच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगरात त्याचा उगम. तिथून पद्मावती, अरण्येश्वर, मित्रमंडळ, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल असा उतरत तो वैकुंठ स्मशानभूमीजवळ मुठेला मिळतो. वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पावसाच्या मुलखातला, काळ्या पाषाणाच्या अंगावरून येणारा हा ओढा. अशा ओढ्यानं दिवाळीनंतर बारीक होत जावं, होळीच्या सुमाराला डोहाडोहांपुरतं उरावं आणि वैशाखात गोटे उघडे टाकून निवांत पडावं. आमच्या ओढ्याला ती विश्रांती नाही. धरणं तळाला जाऊन शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तरी तो काळपट, फेसाळ, एका चालीनं चाललेला असतो. बाहेरगावचे पाहुणे पुलावरून वाकून म्हणतात, "बारमाही दिसतोय." बारमाही आम्ही आहोत. ओढा बिचारा पावसाळीच होता.

शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावं, असं सरकारी मोजमाप आहे. त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन घराबाहेर पडतं असं धरतात. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकजण रोज शंभराहून अधिक लिटर मैलापाणी कुणाच्या तरी दारात सोडून निश्चिंत मनानं चहा पितो. ज्या ड्रेनेज लाइनमधून ते जायला हवं ती जिथे टाकलेलीच नाही, तुंबली आहे किंवा फुटली आहे, तिथे पाणी फक्त उताराचं ऐकतं. आणि आमच्याकडचे सगळे उतार ओढ्याकडे जातात.

आमच्या भागातल्या काहीजणांनी या ओढ्याच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा करायचं मनावर घेतलं. एक निवृत्त ओव्हरसियर, वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका, सोसायट्यांचे दोन-तीन सेक्रेटरी, आर्किटेक्चर शिकणारी चार मुलं आणि मी. मुलांनी पहिल्याच बैठकीला एक देखणं चित्र आणलं. दोन्ही काठांना दगडी पायऱ्या, धावायला ट्रॅक, बांबूची बाकं, दिव्यांची रांग आणि मधोमध निळंशार पाणी. "हे निळं पाणी कुठून आणलंत?" मी विचारलं. त्यातली एक मुलगी मोकळेपणानं म्हणाली, "काकू, सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचा रंग तोच असतो."

ओव्हरसियरकाकांनी चित्र बाजूला सारलं नाही, फक्त त्याच्यावर आपला जुना, घड्यांवर फाटलेला नकाशा पसरला. समोच्च रेषांचा. पेन्सिल घेतली आणि डोंगराच्या माथ्यावरून एक रेघ ओढायला सुरुवात केली. कात्रजच्या घाटमाथ्यावरून, सोंडांच्या पाठीवरून, एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर अशी ती रेघ फिरत फिरत मुठेच्या काठाशी येऊन मिटली. "या रेघेच्या आत जो थेंब पडेल तो आपला," ते म्हणाले. "बाहेर पडेल तो दुसऱ्याचा. ओढा म्हणजे ही सगळी जमीन. निळी रेष दिसते ती नुसती तिची शेपटी."

त्या रेघेनं मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. घाटमाथ्यावर दोन हातांच्या अंतरावर दोन थेंब पडतात. एक उत्तरेला ओघळतो, कात्रजच्या तलावात येतो, आंबील ओढ्यातून मुठेत, मुळा-मुठेतून भीमेत आणि उजनीच्या धरणात जातो. दुसरा दक्षिणेला खेड-शिवापूरच्या बाजूला उतरतो, शिवगंगेतून गुंजवणीला आणि नीरेला मिळतो. इतका लांबचा फेरा घेऊन दोघं पुन्हा भेटतात ते नीरा-नरसिंगपूरला, जिथे नीरा भीमेत मिसळते. तिथून पुढे दोघांची वाट एकच, पंढरपूरची. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांना आम्ही पुण्यात दरवर्षी पाणी पाजतो, खिचडी वाटतो, वारकऱ्यांचे पाय चेपतो. तेच वारकरी चंद्रभागेत उतरून डोक्यावर ओंजळ घेतात, तेव्हा तिच्यात पुण्याच्या ओढ्यांनी वरून धाडलेलंही काहीतरी असतं. सेवेचा हा भाग आपण सहसा बोलत नाही.

या ओढ्याचा आराखडा पहिल्यांदा आम्ही करतोय अशातला भाग नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून, दगड-चुन्याच्या बांधीव नळातून पाणी आणलं. कुठेही पंप नाही, रहाट नाही, नुसता उतार. मधे मधे उच्छ्वास ठेवले, गाळ खाली बसावा, हवा बाहेर पडावी म्हणून. वाटेवर पेठापेठांत हौद बांधले. त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तळं केलं, आणि पेठांच्या बाजूनं मुठेला मिळणारं ओढ्याचं मूळ पात्र वळवून टाकलं. त्या तळ्यातल्या बेटावर 1784 मध्ये सवाई माधवरावांनी गणपती बसवला. तळं गेलं, सारसबाग झाली, गणपती मात्र अजून तळ्यातलाच म्हणवतो.

पेशवाईच्या स्थापत्याचं कौतुक करताना आमच्या शहरात गळा भरून येण्याची पद्धत आहे. मला ते जमत नाही. ओढ्याला हुकमानं वळवणं हे काही पुण्यकर्म नव्हतं, आणि त्या हौदांवर कुणाला हात लावू दिला जायचा आणि कुणाला नाही, हेही आठवायला हवं. पण एक गोष्ट मान्य करावीच लागते. आराखडा करणारे ते पाणी स्वतः पीत होते. वर कात्रजला घाण झाली असती तर ती वाड्यातल्या घंगाळात उतरली असती. आज आराखडा करणाऱ्या कुणाच्याही पेल्यात आंबील ओढा येत नाही.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मात्र तो बऱ्याच जणांच्या घरात आला. संध्याकाळनंतर पावसानं जोर धरला आणि कात्रजच्या बाजूला नुसता कोसळला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून खाली पाहिलं तर रस्ता नव्हता, एक तांबडी, गरगरणारी नदी होती, आणि तिच्यात उभ्या केलेल्या गाड्या एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. एका गाडीचे दिवे पाण्याखाली चालू होते. गोठ्यांतली जनावरं दाव्याला बांधलेलीच गेली. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. पुणे शहर आणि आसपास मिळून त्या रात्रीनं वीसहून अधिक जीव घेतले.

दुसऱ्या दिवशी सगळे पावसाला बोलत होते. पाऊस मोठा होताच. पण गणित मांडून पाहा. एक चौरस किलोमीटर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर पाणी होतं. डोंगरउतारावर कुसळी गवत असेल, खाली मुरमाड माती असेल, तर यातलं बरंचसं जागच्या जागी थबकतं, जिरतं, काही तास-दिवसांनी पाषाणाच्या थरांमधून झऱ्यावाटे बाहेर येतं. उतारावर सिमेंट असेल तर दहाच्या दहा कोटी लिटर लगोलग खाली निघतं. पाऊस तेवढाच. त्याची वाट अडवणारं वर काही उरलं नसेल, तर खाली भिंती पडतात.

पुरानंतर ओढ्याच्या कडेनं काँक्रीटच्या सीमाभिंती उभ्या राहिल्या. काही ठिकाणी त्या हव्याही होत्या, काठावर झोपणाऱ्याला भिंत नको असं मी गॅलरीतून सांगू नये. पण भिंतीनं पाणी कमी होत नाही, ते अधिक वेगानं खालच्या वस्तीकडे जातं. शिवाय रस्त्यावरचं पाणी ओढ्यात उतरायला जागा राहत नाही. भिंतीचं एक राजकीय सोयीस्करपणही आहे. ती दिसते, तिचं उद्घाटन करता येतं. डोंगरावरच्या जिरलेल्या पाण्याला फीत कशी बांधणार?

म्हणून आम्ही नकाशाच्या वरच्या टोकाला गेलो. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावं. घाटाच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या, मोई, सालई, मधूनच धावडा, आणि वनखात्यानं पूर्वी लावलेली गिरिपुष्पाची एकसुरी राने. (प्राध्यापिकाबाईंचा गिरिपुष्पावर राग आहे. त्या त्याचं नाव घेताना एखाद्या नकोशा नातेवाईकाचं घेतात तसं घेतात.) त्यांच्या खाली प्लॉटिंगच्या पाट्या. टेकडीचा कान कापावा तसा काढलेला रस्ता, त्यातून निघालेला मुरूम शेजारच्या घळीत लोटलेला. ती घळ म्हणजे ओघळ. नाव नसलेला, नकाशात निम्मा उमटलेला, पावसाळ्यातले मोजके दिवस वाहणारा. एका नव्या घराच्या मालकांना आम्ही त्याबद्दल विचारलं. ते सज्जनपणे म्हणाले, "ओढा खाली आहे हो, मॅडम. इथं नुसता ओघळ होता. त्यात पाइप टाकलाय आम्ही."

त्यांचं काही चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं आणि कायद्याच्या कुठल्या कागदावर ते चुकत होते हे आम्हालाही चटकन सांगता येईना. नदीकाठी निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा असते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निनावी ओघळाला कुठल्याच रंगाची रेषा नाही. आणि आमचा सारा ओढा अशा निनावी ओघळांचाच झालेला आहे. आराखड्यात पहिलं काम आम्ही हे लिहिलं, की प्रत्येक ओघळ पायी फिरून नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, जमलं तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नावही द्यायचं. नाव असलं की बुजवताना हात जरा कचरतो.

खेड्यातल्या माणसाला यात नवं काही नाही. पाणलोटाच्या कामात महाराष्ट्रात कुणालाही विचारा, तो 'माथा ते पायथा' म्हणतो. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर, मग उतारावर झाडं आणि गवत, मग बांधबंदिस्ती, मग नालाबांध, आणि सर्वांत शेवटी खालचं तळं. उलट क्रमानं केलं तर एका पावसाळ्यात तळं गाळानं भरतं. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले, देवस्थानची 40 एकर उजाड जमीन भाडेपट्ट्यानं घेतली आणि हेच करून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिच्या नियमांपुढे मला अजून थांबावंसं वाटतं. पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, माणसांच्या संख्येनं मिळेल, माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं. भूमिहीनाचाही त्यात वाटा. आणि उसाला पाणी नाही. एवढा कडक आणि एवढा न्यायी आराखडा आमच्या शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर झाला. आम्ही त्याच्यावर परिसंवाद घेतले, आणि आमच्या ओढ्यांची कामं मात्र पायथ्याकडून, बाकं आणि दिव्यांपासून सुरू केली.

मैलापाण्याचं काम त्या मानानं कंटाळवाणं आणि अधिक वासाचं. त्यातही मजा नव्हती असं नाही. चेंबरमध्ये हिरवा रंग सोडायचा आणि ओढ्याच्या काठी बसून तो कुठून निघतो ते पाहायचं. एका प्रतिष्ठित सोसायटीचा रंग ओढ्यात झळकला तेव्हा आमच्याच एका सेक्रेटरींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. काठावर शेकाट्यांची ऐट चाललेली. लांब गुलाबी पाय, पांढरं पोट, काळे पंख. मुलांनी लगेच फोटो काढले, "पक्षी परत आलेत" म्हणाली. प्राध्यापिकाबाईंनी आनंदावर विरजण घातलं. शेकाट्या मैलापाण्यातही मजेत राहतो, चिखलातल्या लाल अळ्यांवर जगतो. त्याला पाहून हरखू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याची पारख करायची तर काठाला वाळुंज आणि शेरणी आहे का बघा, दगड उलटून पाहा, चतुराच्या अळ्या आहेत का बघा. पाण्यात ऑक्सिजन किती आणि घाण कुजवायला तो किती खर्च होतो, हे प्रयोगशाळा सांगेल. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन शिल्लक असावा आणि कुजण्यासाठी लागणारा 3 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. आंघोळीची गोष्ट कशाला, निदान म्हशीनं तोंड फिरवू नये एवढं पाणी असलं तरी आम्हाला चालणार होतं.

पण खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. ओव्हरसियरकाका एका बैठकीत सहज बोलून गेले, "सगळं मैलापाणी अडवलं ना, की मे महिन्यात ओढ्यात काही राहणार नाही." खोलीत शांतता. मग एक सेक्रेटरी कळवळून म्हणाले, "मग लोकांना दाखवायचं काय?"

आमच्या साऱ्या आराखड्याची परीक्षा या एका प्रश्नात होती. दक्षिण कोरियात सोल शहराच्या मध्यातून वाहणारा चंग्येचन नावाचा ओढा लोकांनी आधी बुजवला, त्याच्यावर रस्ता आणि उड्डाणमार्ग बांधला. मग तो उड्डाणमार्ग पाडून 2005 मध्ये जवळपास सहा किलोमीटर लांबीचा ओढा पुन्हा उघडा केला. जगभरचे नगररचनाकार त्याचे फोटो दाखवतात. उन्हाळ्यात शहराला तिथे गारवा मिळतो, माणसं पाण्यात पाय सोडून बसतात, हे सगळं खरं आणि सुंदर आहे. पण त्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून रोज पंपानं चढवून सोडलेलं असतं. ते वर खेचायला वीज लागते, ओढ्याचा डोंगर त्यात फारसा नाही. आमच्या मुलांनी हाच नमुना समोर ठेवला होता.

मी कोरड्या ओढ्याच्या बाजूनं मत दिलं. मे महिन्यात त्याच्या पात्रात गोटे दिसू देत, डोहात उरलेल्या पाण्यावर खंड्या बसू दे, पोरं वाळूत क्रिकेट खेळू देत. आणि मृगाचा पाऊस आल्यावर तिसऱ्या-चौथ्या सरीला डोंगरातून पहिला गढूळ लोंढा येईल तेव्हा पुलावर माणसं बघायला जमू देत. ओढ्याला कोरडं पडण्याचा हक्क आहे. शुद्ध केलेलं थोडं पाणी डोहांपुरतं परत सोडावं, अशी तडजोड शेवटी आराखड्यात आली. ती मला पूर्ण पटलेली नाही, पण शहरात राहणाऱ्या माणसानं एवढी तडजोड गिळायला हरकत नसावी.

तरीही मला सगळ्यात जास्त टोचत राहिला तो जून 2021 चा महिना. त्या महिन्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत ओढ्याकाठची घरं पाडायला सुरुवात झाली. भर पावसाळ्यात, तेही कोरोनाच्या दिवसांत. बायका सामानासकट रस्त्यावर आल्या आणि त्याच दिवशी न्यायालयाच्या आदेशानं ते काम थांबलं. त्याच महिन्याच्या अखेरीला 23 गावं पुणे महापालिकेत आली. त्यांत भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी होती. म्हणजे एकाच ओढ्याचा पायथा मोडायला निघालेलं शहर त्याच महिन्यात त्याच्या माथ्याचं मालक झालं. माथा ते पायथा, सगळा पाणलोट पहिल्यांदा एका छत्राखाली आला. एवढी संधी शहरांना वारंवार मिळत नाही. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या होत्या, पण वेगवेगळ्या पानांवर.

नंतर त्या वस्तीत आम्ही नकाशा घेऊन गेलो तेव्हा एक आजी बराच वेळ त्यावर बोट फिरवत होत्या. "ताई, आमचं घर निळ्या रेघंत हाय का लाल?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी मान हलवली. "रेघा वढल्यात झ्याक. पर वरच्यांना कुटली रेघ हाय?" मी त्यांना ओव्हरसियरकाकांची पेन्सिलीची रेघ दाखवली, डोंगरमाथ्यावरून फिरलेली. त्यांनी ती पूर्ण बोटानं फिरवली, कात्रजपासून आपल्या घरापर्यंत. "मंग ह्येच्यात समदे आले की," त्या म्हणाल्या. "बलवा समद्यांना."

आराखडा आता बऱ्यापैकी लिहून झाला आहे, आणि तो ज्यांच्या टेबलावर जायचा त्यांच्या टेबलावर जाईल. माझी विनंती त्यांना आहे आणि तुम्हालाही, मग तुमच्या गावचा ओढा कुठलाही असो. यावरची पहिली बैठक कात्रजच्या डोंगरात, भिलारेवाडीच्या पारावर घ्या. दुसरी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत. पुलाच्या वर राहणाऱ्या आम्ही लोकांनी दोन्हीकडे चालत जावं आणि मागच्या रांगेत बसावं. वातानुकूलित सभागृहातल्या सादरीकरणाला त्यानंतर भरपूर वेळ आहे.